कमरेचं पिस्तूल लोकांना दिसू द्यावं का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: पेट्रोल पंप आहे, जोडीला जमिनीचे व्यवहार आहेत. खंडणीसाठी फोन आले, तुम्ही तक्रार दिली आणि पुढे रीतसर अर्ज करून .३२ पिस्तुलाचा परवाना मिळवला. आता मेहुणे म्हणतात, शर्ट इन करा, पिस्तूल दिसू द्या, नुसतं दिसलं तरी निम्मं काम होतं. घरच्यांना ते पटत नाही. अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलसला असलेला धाकटा भाऊ सांगतो की तिकडे लोक कमरेला उघड लावून दुकानात जातात आणि कुणी मान वळवूनही बघत नाही. तुम्हाला विचारायचंय की आपल्याकडे लोक अशा माणसाकडे कसं बघतात, मान देतात की घाबरतात, आणि पंपावरच्या मुलांना पिस्तुलाबद्दल सांगावं की नाही.

मी पोलीस खात्यात होतो. बरीच वर्षं ठाण्यांमध्ये गेली, शेवटची परवाना शाखेत. निवृत्तीनंतर नवीन परवानाधारकांना शस्त्र हाताळायला शिकवतो. पिस्तूल मागणारा, ते लावून फिरणारा आणि ते बघून तक्रार घेऊन येणारा, असे तिघेही माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून गेलेले आहेत. त्यावरून सांगतो.

आधी कायद्याचं, कारण ते लवकर संपतं. मेहुण्यांचा सल्ला बेकायदेशीर आहे. शस्त्र नियम २०१६ मधला ३२ वा नियम सांगतो की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचं असेल तर ते अंगावर बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत असलं पाहिजे, ते पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे आणि तुमचा त्यावर ताबा राहिला पाहिजे. होल्स्टर लावलं म्हणजे झालं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. 'पूर्ण झाकलेलं' हा भाग कुणी वाचत नाही. त्याच नियमात लग्न, मिरवणूक, सभा अशा ठिकाणी शस्त्र मिरवायला आणि झाडायला मनाई आहे आणि त्यात परवाना जाऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला वेगळी शिक्षा आली: कुणाचा जीव धोक्यात आला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय सण, मोर्चे, निवडणुका यांच्या आधी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात. ते तुमच्या जिल्ह्यात वर्षातून अनेकदा लागू असतात. त्या काळात झाकलेलं पिस्तूल बाळगायलाही परवानगी आहे का, हे आदेश वाचून किंवा ठाण्यात विचारून ठरवा.

पण कायदा सांगून तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुरं होत नाही. नियम माहीत असूनही लोक पिस्तूल दाखवतात, आणि का दाखवतात ते मला कळतं. तुम्हाला भीती वाटली आहे. फोनवर कुणीतरी तुमच्या मुलाच्या शाळेचं नाव घेतलं की माणूस रात्री झोपत नाही. ती भीती समोरच्याच्या मनात टाकता आली तर आपण मोकळे होऊ, असं वाटणं साहजिक आहे. अडचण एवढीच की धमकी देणारा एक आहे आणि पिस्तूल दिसणार आहे ते दिवसभरात पंपावर येणाऱ्या शेकडो लोकांना. ज्याला दाखवायचं तो बहुधा कधी समोर येतही नाही. जे रोज समोर येतात, त्यांच्याशी तुमचं काही वाकडं नाही.

आता लोक कसं बघतात. याचं एकच उत्तर नाही, कारण शस्त्र कोणाच्या अंगावर आहे, कुठे आहे आणि कशासाठी आहे हे बघूनच माणूस मत बनवतो.

सावंतवाडी, कुडाळ, दोडामार्ग भागात फिरलात तर शेतीसंरक्षणाचा परवाना असलेली कितीतरी घरं भेटतील. ठासणीची बंदूक किंवा काडतुसाची एकनळी, वडिलांकडून मुलाच्या नावावर आलेली. संध्याकाळी बॅटरी आणि बंदूक घेऊन शेताकडे निघालेला माणूस वाटेत दिसला तर शेजारी विचारतो, "आज परत डुकरं आली काय?" एवढंच. बंदुकीची कुणाला भीती वाटत नाही, कारण ती कशासाठी आहे हे गावाला ठाऊक आहे. रानडुक्कर त्याच्या भातात शिरतं तसंच शेजाऱ्याच्याही शिरतं. (रस्त्याने नेताना ती बंदूकही कव्हरमध्येच हवी आणि जनावर मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते, हे तिथल्या प्रशिक्षणात मी दर वेळी सांगतो.) निवडणूक आली की सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करून घेण्यावर या शेतकऱ्यांची तक्रार असते आणि ती रास्त आहे. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठासमोर हाच मुद्दा आला होता. त्यानंतर छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा विचार करावा, अशी पद्धत घालून दिली गेली. शेताची राखण करणारा आणि कमरेला लावून सभा गाजवणारा यांना एकाच मापाने मोजू नये, हे तिथे मान्य झालं. लोकांच्या मनात हा फरक आधीपासून आहेच.

बँकेच्या कॅशव्हॅनसोबत उतरणारा गनमन घ्या. हातात बारा बोअरची दुनळी, तीही उघडी. बाजूने शाळेतली मुलं जातात, भाजीवाली जाते, कुणी थांबत नाही. त्याच्या अंगावर गणवेश आहे, समोर बँकेचं दार आहे, पेटी आत गेली की तोही आत जाणार आहे. बघणाऱ्याला सगळी गोष्ट एका नजरेत कळते. बंदोबस्तातल्या पोलिसाचंही तेच. उद्या त्याने चूक केली तर कुणाकडे दाद मागायची हे लोकांना माहीत असतं.

गणवेश नाही, शेत नाही, समोर काम नाही, आणि तरी शर्टाखालून पिस्तुलाची मूठ बाहेर आलेली आहे, अशा माणसाकडे बघताना लोकांना हे काहीच कळत नाही. मग आजवर त्यांनी असं पिस्तूल कोणाच्या कमरेला पाहिलंय, ते आठवतं. आपल्याकडे पाहिलेलं असतं ते वाळूच्या धंद्यातल्या माणसाकडे, जागा रिकामी करून घ्यायला आलेल्याकडे, किंवा चार गाड्या घेऊन फिरणाऱ्या एखाद्या पुढाऱ्याच्या माणसाकडे. तुम्ही नियमाने अर्ज केलात, चारित्र्य पडताळणी झाली, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडलंत, यातलं काहीही कमरेवर लिहिलेलं नसतं. तुमचा परवाना खिशात राहतो आणि पिस्तूल तेवढं दिसतं.

मी ठाण्यात असताना एका गावच्या ग्रामसभेला बंदोबस्तासाठी गेलो होतो. विषय नळपाणी योजनेचा. पाइप आणले होते, पण वरच्या वस्तीला पाणी पोचत नव्हतं. बचत गटातली एक बाई वहीच्या पानावर प्रश्न लिहून घेऊन आली होती. तिची पाळी आली, ती उभी राहिली, पदर सावरला. तेवढ्यात कंत्राटदाराचा नातेवाईक आला आणि पुढच्या खुर्चीवर रेलून बसला. रेलल्यावर शर्ट वर सरकला आणि उजव्या बाजूला पिस्तुलाची मूठ दिसली. त्याने शर्ट खाली ओढला नाही. कुणाला काही बोलला नाही, कुणाकडे रोखून बघितलंही नाही. बाईने हातातला कागद घडी केला, परत एक घडी केली, मुठीत धरला आणि "काही नाही, बसते," म्हणून खाली बसली. ग्रामसेवकांनी विषय वाचला, हात वर झाले, ठराव एकमताने मंजूर.

नंतर चहाच्या वेळी तो माणूस माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "बघितलंत साहेब, आपल्या शब्दाला गावात किती मान आहे." तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरोखर तसं वाटत होतं. त्या बाईचा नवरा मात्र मी जीपमध्ये बसताना काचेजवळ वाकून हळूच विचारत होता, "साहेब, ह्याचा परवाना काढून घेता येतो का हो?" मी रात्री स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि अहवाल वर पाठवला.

मान की भीती, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं होतं. ज्याच्या कमरेला आहे त्याला ते कधीच कळत नाही, कारण समोरून दोन्ही सारखीच दिसतात. लोक वाट देतात, आवाज खाली घेतात, वाद घालत नाहीत. मान असेल तर तुमच्या पाठीमागेही लोक तेच बोलतात. भीती असेल तर पाठ फिरली की परवाना कधी जाईल याची चौकशी सुरू होते.

यात २०२४ सालाने मोठी भर घातली, आणि तुमच्यासारख्या सरळ माणसाला त्याची झळ बसणार आहे म्हणून सांगतो. २ फेब्रुवारीला उल्हासनगरच्या एका पोलीस ठाण्यातच गोळीबार झाला आणि त्या आरोपावरून एका आमदाराला अटक झाली. ८ फेब्रुवारीला मुंबईत दहिसर-बोरिवली भागात फेसबुक लाइव्ह चालू असताना एका माजी नगरसेवकाचा गोळ्या घालून खून झाला. त्यात वापरलेलं पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावरचं, परवान्याचं होतं. जुलैमध्ये मुळशीतल्या जमिनीच्या वादाचा जुना व्हिडिओ बाहेर आला, एक बाई हातात पिस्तूल घेऊन शेतकऱ्यांना दम देत असतानाचा. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला एका नामवंत अभिनेत्याच्या पायात स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. आणि डिसेंबरमध्ये मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर बीड जिल्ह्यातले हवेत गोळ्या झाडतानाचे, कमरेला पिस्तूल लावून मिरवतानाचे व्हिडिओ घराघरात पोचले. एका जिल्ह्यात हजाराहून अधिक परवाने कसे, हा प्रश्न लोक चहाच्या टपरीवर विचारू लागले. पोलिसांनी परवान्यांची फेरतपासणी केली आणि बरेच परवाने रद्द झाले.

पूर्वी 'परवान्याचं आहे' एवढं सांगितलं की लोकांचं समाधान व्हायचं. गावठी कट्टा वाईट आणि परवान्याचं पिस्तूल सभ्य, अशी साधी विभागणी होती. वर सांगितलेल्या घटनांत परवान्याची शस्त्रं निघाली आणि ती विभागणी मोडली. त्यामुळे तुम्ही परवाना दाखवलात तरी लोकांच्या मनात पुढचा प्रश्न येतो: कोणाच्या वशिल्याने मिळाला? तुमच्या बाबतीत हा अन्याय आहे, पण लोकांच्या मनात तो प्रश्न आता आहे हे धरूनच चाला.

पंपाचं सांगतो. पंपावर भांडण कशावरून होतं? माप कमी पडलं, मीटर शून्यावर आणला नाही, सुट्टे पैसे दिले नाहीत. गिऱ्हाईक तावातावाने ऑफिसात येतं, तुम्ही पाच लिटरचं माप काढून समोर मोजून दाखवता, ते शांत होतं, आणि पुढच्या वेळी तुमच्याकडेच येतं. पिस्तूल दिसत असेल तर ते गिऱ्हाईक ऑफिसच्या दारात थांबेल, "राहू द्या शेठ" म्हणेल आणि पुढच्या वेळी तीन किलोमीटर पुढच्या पंपावर जाईल. माप बरोबर होतं हे त्याला कधी कळणारच नाही. जमिनीच्या व्यवहारात तर हे जास्त महागात पडतं. समोरच्याने इसार घेतला, नंतर त्याचं मन फिरलं, आणि त्याने तक्रार दिली की "बैठकीत कमरेला पिस्तूल होतं, मी दबावाखाली सही केली", तर तुम्ही काय उत्तर देणार? तुम्ही पिस्तुलाला हातही लावला नव्हता, पण बैठकीतले चार साक्षीदार 'होय, दिसत होतं' असंच सांगतील आणि ते खरं असेल. भारतीय न्याय संहितेच्या ३५१ व्या कलमाखाली, म्हणजे धाक दाखवल्याबद्दल, गुन्हा नोंदवण्याचा प्रयत्न होऊ शकतो. असे अर्ज मी वाचलेले आहेत.

शस्त्र दिसलं की बाकी काही दिसत नाही, हे तपासात काम केलेल्या कुणालाही विचारा. लुटीच्या गुन्ह्यातला साक्षीदार पिस्तुलाची मूठ काळी होती, नळी चंदेरी होती हे सांगतो आणि शर्टाचा रंग विचारला की गप्प होतो. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये याची चाचणी केली. एकाच प्रसंगाची चित्रं दोन प्रकारे दाखवली: एकात माणूस कॅशियरपुढे चेक धरतो, दुसऱ्यात पिस्तूल. बघणाऱ्यांचे डोळे पिस्तुलावर जास्त वेळ खिळले आणि त्या माणसाला नंतर ओळखताना ते कमी पडले. तुमच्या बाबतीतही तेच होणार. वीस वर्षांची ओळख, दुष्काळात उधारीवर दिलेलं डिझेल, गावच्या यात्रेची वर्गणी, हे सगळं त्या मुठीच्या मागे जातं.

आता मेहुण्यांच्या बाजूने जे खरं आहे तेही सांगायला हवं. शस्त्र असल्याचा धाक काही ठिकाणी उपयोगी पडतो. शेतवस्तीवर एकटं घर असेल, तर 'त्यांच्याकडे बंदूक आहे' हे पंचक्रोशीला माहीत असल्याचा फायदा होतो. भुरटा चोर ते घर सोडून पुढे जाण्याची शक्यता असते. पण घरात शस्त्र आहे ही बातमी गावात असणं आणि चारचौघांत ते कमरेला दिसणं यात फार अंतर आहे. पहिल्याने चोर विचार करतो. दुसऱ्याने तुमचे शेजारी, गिऱ्हाईक आणि नोकर विचार करतात. आणि खंडणी मागणारा भुरटा नसतो. तो तुमची पाहणी करून येतो. पिस्तूल उजव्या कमरेला आहे, संध्याकाळी कॅश मोजताना तुमची पाठ दाराकडे असते, हे त्याला तुम्ही आयतं दाखवून देता. त्या वेळी दोन जण मागून आले तर पिस्तूल तुमच्याकडे राहील याची खात्री मी देऊ शकत नाही. शस्त्र हिसकावून नेलं गेलं तर पुढची सगळी चौकशी तुमचीच होते.

म्हणून झाका, आणि नीट झाका. इथे थोडा वेळ घेतो, कारण बहुतेकांचं पिस्तूल हौसेने नाही तर निष्काळजीपणाने दिसतं.

प्रशिक्षणाला आलेल्याला मी आधी साध्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवतो. मग वाकून बुटाची नाडी बांधायला सांगतो. मग वरच्या फळीवरची फाइल काढायला सांगतो. उभं असताना झाकलेलं वाटणारं पिस्तूल या तीन हालचालींत बाहेर येतं. बाजारात मिळणारं इलास्टिकच्या कापडाचं स्वस्त होल्स्टर घेऊ नका. ते सैल पडतं, पिस्तूल हलतं, आणि ते हलतंय म्हणून माणसाचा हात सारखा कमरेवर जातो. हे चाचपणं फार वाईट दिसतं. मूठ दिसत नसली तरी दर दोन मिनिटांनी कमरेला हात लावणाऱ्याकडे बघून समोरचा काय ते ओळखतो. घट्ट बसणारं, घोडा पूर्ण झाकणारं होल्स्टर, जाड आणि ताठ पट्टा, आणि त्यावर बाहेर सोडलेला, थोडा लांब, गडद किंवा चौकड्याचा शर्ट. पांढऱ्या पातळ शर्टात आकार उमटतो. उन्हाळ्यात जाकीट घालून फिरू नका, एप्रिल महिन्यात आपल्या भागात जाकीट घातलेला माणूस पिस्तुलाइतकाच उठून दिसतो.

गाडीत बसताना टोचतं म्हणून ते काढून सीटखाली किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायची सवय लावू नका. नियमातला 'ताबा' तिथेच सुटतो. ढाब्यावर जेवायला बसताना टेबलावर तर कधीच नको. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब अर्धं ताट टाकून उठतं, हे मी पाहिलंय.

नाकाबंदीला अडवलं तर आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा आणि हवालदाराने विचारायच्या आधी शांतपणे सांगा की परवान्याचं पिस्तूल उजव्या कमरेला आहे, परवाना पाकिटात आहे, काढू का. तो सांगेपर्यंत हात हलवू नका. शर्ट वर करून दाखवायला जाऊ नका. रात्री दोन वाजता रस्त्यावर उभ्या असलेल्या पोलिसालाही घरी जायचं असतं आणि तोही तुम्हाला ओळखत नाही. परवान्यावर क्षेत्र 'महाराष्ट्र राज्य' एवढंच असेल, तर बांद्याचा नाका ओलांडून गोव्यात पिस्तूल नेऊ नका. सहलीला निघालेले लोक हे विसरतात.

लग्न, साखरपुडा, यात्रा, मिरवणूक: पिस्तूल घरी, कुलपात. दसऱ्याचंही एक सांगतो. खंडेनवमीला शस्त्रपूजन करा, पूर्वापार आहे. देवघरापुढे, रिकामं करून, मॅगझिन वेगळं काढून, हळदकुंकू वाहा. त्याचा फोटो स्टेटसला टाकू नका, आणि हातात घेऊन तर अजिबात काढू नका. परवान्यांच्या फेरतपासणीत आता पोलीस मोबाइलवरचे असले फोटो आणि रील बघतात. पुतण्यांना, भाच्यांनाही ताकीद द्या. बहुतेक वेळा फोटो मालकाचा नसतो, घरातल्या कॉलेजच्या मुलाचा असतो आणि परवाना मालकाचा जातो.

भावाच्या म्हणण्याबद्दल. तो टेक्सासविषयी चुकीचं सांगत नाही. तिथे २०१६ पासून परवानाधारकांना पिस्तूल होल्स्टरमध्ये उघड लावता येतं, आणि १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षं पूर्ण झालेल्या, कायद्याने अपात्र नसलेल्या बहुतेकांना त्यासाठी परवानाही लागत नाही. पण 'कुणी बघत नाही' हे पूर्ण खरं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये एल पासोच्या वॉलमार्टमध्ये गोळीबार झाला, त्यात २३ जणांचा जीव गेला. पुढच्याच महिन्यात वॉलमार्टने गिऱ्हाइकांना विनंती केली की कायद्याने परवानगी असली तरी आमच्या दुकानात शस्त्र उघड लावून येऊ नका. वॉलमार्टच्या बऱ्याच दुकानांत शिकारीच्या बंदुका विकल्या जातात, तिथले गिऱ्हाईक शस्त्रांना नवखे नाहीत. तरीही दारातून आत येणारा अनोळखी माणूस कशासाठी आलाय हे त्याच्या कमरेकडे बघून कुणालाच ठरवता येत नव्हतं. आणि भाऊ स्वतः तिथे लावायच्या विचारात असेल तर त्याला सांगा की माणूस कोण आहे यावरही बरंच ठरतं. २०१६ मध्ये मिनेसोटात फिलॅंडो कॅस्टील या कृष्णवर्णीय तरुणाने गाडी अडवलेल्या पोलिसाला आपणहून सांगितलं की माझ्याजवळ पिस्तूल आहे. त्याच्याकडे परवाना होता. काही सेकंदांत पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या. तिथे कायद्याने दिलेला हक्क सगळ्यांना सारखा आहे, पण बघणाऱ्याची नजर सगळ्यांसाठी सारखी नाही.

तुमच्या धमकीचं काय, ते राहिलं. परवाना मिळाला म्हणजे तक्रार संपली असं धरू नका. प्रत्येक फोनची तारीख, वेळ, नंबर, बोलणं वहीत लिहा, कॉल रेकॉर्ड जपा आणि नवा फोन आला की त्याच दिवशी ठाण्यात लेखी द्या. तुकड्यातुकड्याने सांगितलेल्या गोष्टीपेक्षा तारखांची यादी तपास अधिकाऱ्याला जास्त उपयोगी पडते. रोकड दररोज त्याच वेळी, त्याच रस्त्याने, त्याच माणसाकडून बँकेत पाठवू नका. ऑफिसातलं टेबल फिरवून घ्या, म्हणजे कॅश मोजताना तुमचं तोंड दाराकडे राहील. कॅमेऱ्याचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा, ऑफिसात टेबलाखाली असेल तर तो तिथून हलवून कुलपात ठेवा, कारण लुटून जाणारे जाताना तोच उचलतात. यातल्या कशालाही फार पैसे लागत नाहीत आणि यातल्या कशानेही गिऱ्हाईक घाबरत नाही.

अमुकच परिस्थितीत उघड लावावं, असा एकही प्रसंग तुमच्या वर्णनात मला दिसला नाही. धोका खरोखर इतका मोठा असेल की दिसणारं शस्त्र हवंच, तर पोलीस संरक्षणासाठी अर्ज करा. गणवेशातला सशस्त्र पोलीस शेजारी उभा असला की लोक तुम्हाला धोक्यात असलेला माणूस म्हणून बघतात. तेच शस्त्र तुमच्या स्वतःच्या कमरेला दिसलं की धोका तुमच्यापासून आहे असं धरतात. खासगी अंगरक्षक ठेवणार असाल तर त्याचा परवाना कुठल्या जिल्ह्याचा, कोणत्या क्षेत्रासाठी वैध, हे स्वतः ठाण्यात जाऊन तपासा. त्याचं शस्त्र तुमच्या हातात एक मिनिटही येता कामा नये.

पंपावरच्या मुलांना सांगावं का, तर मॅनेजरला सांगा, बाकीच्यांना नको. मॅनेजरला यासाठी की उद्या काही घडलं तर पोलिसांना फोन करताना 'आमच्या मालकांकडे परवान्याचं पिस्तूल आहे, त्यांनी निळा शर्ट घातलाय' हे त्याने सांगितलं पाहिजे. नाहीतर धावत आलेल्या पोलिसाला हातात पिस्तूल घेतलेला माणूस कोण हे कळणार नाही. बाकीच्या मुलांना कळलं तर बातमी दोन दिवसांत गावभर जाते. शिवाय आज पगाराची उचल मागायला, 'शेठ, मशिनचा एक नंबर नीट चालत नाही' हे सांगायला ती मुलं बिनधास्त तुमच्या ऑफिसात येतात. ते त्यांनी तसंच येत राहायला हवं.